ळ बरोबर उणे सेहेचाळीस

सी भाषेतला जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर कंपाइल करायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायला, घेतला की पडद्यावरून जो मजकूर धो धो वाहतो, त्यातलं एक वाक्य मला कायम खटकत आलंय. ‘मेक्स पॉइंटर फ्रॉम इंटिजर विदाऊट अ कास्ट.’ म्हणजे कास्ट न करता, ‘हा अमुक जातीचा समज’ असं न सांगता, आकड्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) केलाय. जीसीसी या कंपायलरचं हे वाक्य खोटं नाही, पण त्याचा शेवट घात करतो. वाचणाऱ्याला वाटतं, अच्छा, कास्ट नाही म्हणून अडलंय होय! मग तो ओळीत कंस घालतो, कंसात ‘कॅर स्टार’ (कॅरचा, म्हणजे अक्षराचा पत्ता) लिहितो आणि पुढच्या एररकडे वळतो. कंपायलर गप्प होतो. त्याने विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहतो: इथे आलाय तो आकडा की पत्ता? कंस घालणाऱ्याने उत्तर शोधलेलं नसतं, ‘मला माहीत आहे, तू बोलू नकोस’ असं दटावलेलं असतं. आणि बहुतेक वेळा त्याला माहीत नसतं.

माझ्याकडे आलेला प्रोग्रॅम तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा. नव्वदच्या दशकात तिथले कार्यवाह असलेल्या काकांनी तो नोकरी सांभाळून, संध्याकाळी बसून लिहिलेला. डॉस, टर्बो सी हा कंपायलर आणि पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून सीडॅकचं जिस्ट कार्ड. पुस्तकांची शीर्षकं इस्कीत. आजच्या वाचकांपैकी अनेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. युनिकोडच्या आधी भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे मानक ठरलं ते हे. एका अक्षराला एक बाइट, इंग्रजी १२८ च्या खाली आणि आपली अक्षरं वर. क म्हणजे १७९, ळ म्हणजे २१०. प्रोग्रॅमचं काम एकच, पुस्तकांच्या नोंदी वाचून वर्णानुक्रमे सूची छापायची. ग्रंथालयातला जुना पीसी अखेर बंद पडला, आणि तोच प्रोग्रॅम एका छोट्या, एआरएम प्रोसेसरच्या ६४ बिटांच्या बोर्डावर, डेबियन १३ या लिनक्सवर चालवून द्यायचं माझ्याकडे आलं. डेबियन १३ म्हणजे जीसीसी १४. गोष्ट तिथून सुरू होते.

‘पायथनमध्ये नव्याने लिही की,’ असं मला सुचवणारे भेटलेच. नुसता मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा असता तर प्रोग्रॅमची गरजच नव्हती, आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्ह या रूपांतराच्या साधनाला इस्की येते. पण सूची कशी लावायची याचे ग्रंथालयाचे नियम कुठेच लिहिलेले नव्हते. होते ते फक्त काकांच्या कोडात. म्हणजे कोड समजून घ्यावा लागणारच, आणि कोड समजून घ्यायला कंपायलरइतका चिकित्सक सोबती मिळत नाही. (कोडातल्या कॉमेंट्सही इस्कीतच होत्या, आजच्या एडिटरात नुसता उकिरडा. आधी त्या यूकॉन्व्हमधून काढून घेतल्या.)

काही वर्षांपूर्वी हा कोड घेतला असता तर वॉर्निंगांचा ढीग आला असता आणि खाली एक्झिक्यूटेबल फाइलही तयार झाली असती. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने हा लाड बंद केला. न सांगितलेलं फंक्शन वापरणं, टाइप, म्हणजे मूल्याची जात, न लिहिता ‘समज इंट (पूर्णांक)’ म्हणून सोडून देणं, आकडा थेट पॉइंटरमध्ये घालणं, एका जातीचा पॉइंटर दुसऱ्या जातीच्या जागी देणं, या साऱ्या आता एरर आहेत. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने यातल्या पहिल्या दोन गोष्टी वर्षभर आधीच, मार्च २०२३ मध्ये सोळाव्या आवृत्तीत, एरर करून टाकल्या होत्या. यावर बरीच ओरड झाली, पण त्या दोन गोष्टी सीच्या मानकातून गेल्या १९९९ साली. पंचवीस वर्षं मुदत दिल्यावर आणखी किती द्यायची?

टर्बो सीसुद्धा बोलायचा, हे विसरायला नको. त्या निळ्या पडद्यावर खालच्या पट्टीत ‘सस्पिशस पॉइंटर कन्व्हर्जन’ अशी ओळ आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिली असेल. आपण काय करायचो? कंट्रोल एफ-९. चाललं की सर सही करायचे. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या पिढ्यान्‌पिढ्या ‘वॉर्निंग म्हणजे काही एरर नव्हे’ हे वाक्य पाठ करून बाहेर पडल्या आहेत. जीसीसी १४ चा सर्वात जास्त राग याच पिढ्यांना आला असेल तर मला नवल वाटणार नाही.

काकांच्या कोडात मुळात गडबड काय होती? नुसतं ‘मेन’ (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) लिहिलेलं, त्याआधी टाइप नाही. कोनिओ हेडर, क्लिअर-स्क्रीन वगैरे डॉसची सामग्री. ही झाडझूड अर्ध्या तासाची, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खरी अडचण दोन फाइलींच्या मधे होती. एका फाइलीत ‘शोधा’ नावाचं फंक्शन: नोंदीचा क्रमांक द्यायचा, ते शीर्षकाचा पत्ता परत देतं. दुसऱ्या फाइलीत त्याचा सर्रास वापर, पण ‘शोधा काय परत देतं’ हे त्या फाइलीला कुणी सांगितलेलंच नाही. जुन्या नियमाने कंपायलर अशा वेळी गृहीत धरायचा की इंट परत येतोय. टर्बो सीच्या स्मॉल मेमरी मॉडेलमध्ये इंट सोळा बिटांचा आणि पॉइंटरही सोळा बिटांचा. गृहीत चुकीचं, पण माप तेच, त्यामुळे पत्ता सुखरूप पोचायचा.

ही सवय काकांची एकट्याची नव्हती. सी भाषेच्या आधीच्या बीसीपीएल आणि बी या भाषांमध्ये टाइप नावाची भानगडच नव्हती. सगळं एकाच मापाच्या खणात राहायचं. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली ती पीडीपी-११ वर, आणि तिथेही इंट व पॉइंटर दोन्ही सोळा बिटांचे. युनिक्सचा सुरुवातीचा कोड हा फरक फारसा पाळत नसे. मग स्टीव्ह जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेली, तेव्हा ‘आकडा आणि पत्ता एकच’ या समजुतीचे चटके बसायला लागले. जॉन्सन यांचं लिंट हे टाइपांच्या चुका शोधणारं साधन त्याच काळातलं. आज आपण ज्या एररांवर वैतागतो त्या पहिल्यांदा तिथे, सत्तरच्या दशकात, कुणाला तरी हाताने शोधाव्या लागल्या. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते, बांध कुठला ते दोघांना ठाऊक असतं, कागद कुणी करत नाही. पुढच्या पिढीत जमिनीची मोजणी आली की रामायण सुरू होतं. इंट आणि पॉइंटरचं तसंच झालं, आणि ६४ बिटांचं यंत्र ही ती मोजणी.

नेमकं काय बिघडतं ते बघायची हौस म्हणून मी जीसीसीला ‘एफ-परमिसिव्ह’ हा पर्याय देऊन एररांच्या पुन्हा वॉर्निंग करून घेतल्या. प्रोग्रॅम कंपाइल झाला, सुरू झाला आणि पहिलंच शीर्षक छापताना सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्या पत्त्यावर गेला म्हणून बंद. मग ऑब्जडंपने मशीन कोड उघडला. ‘शोधा’ला कॉल करणारी ओळ, आणि तिच्या खाली लगेच एसएक्सटीडब्ल्यू ही एक छोटीशी सूचना. तिचं काम इतकंच: रजिस्टरातले (प्रोसेसरच्या आतल्या खणातले) खालचे ३२ बिट घे, वरचे ३२ फेकून दे, आणि त्या रिकाम्या जागी खालच्या भागाचं चिन्ह भरून टाक. ‘शोधा’ने दिलेला पत्ता अगदी बरोबर होता. कॉल करणाऱ्या बाजूने त्याचा वरचा भाग कापला, कारण तिला कुणी सांगितलं होतं की हा इंट आहे. किंवा खरं तर कुणीच काही सांगितलं नव्हतं. (मॅलॉकसारखी प्रसिद्ध नावं जीसीसीला पाठ असतात, तिथे हेडर विसरलं तरी तो सांभाळून घेतो. ‘शोधा’ त्याच्या ओळखीचं नाही.)

आता या ओळीवर कास्ट घालून पाहा. ‘शोधा’ने दिलेलं कॅर-पॉइंटर समज, असं लिहिलं की ‘विदाऊट अ कास्ट’वाली तक्रार गेली. पण कापाकापी कास्टच्या आधीच उरकलेली असते; आपण तुटलेल्या पत्त्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवतो. जीसीसी अजूनही कुरकुरतो की पॉइंटर आणि इंटिजर यांची मापं जुळत नाहीत. त्यावर काही शहाणे मधे आणखी एक कास्ट घालतात, आधी लाँग आणि मग पॉइंटर. आता मापं जुळली, कुरकुर संपली, आणि प्रोग्रॅम त्याच जागी त्याच कारणाने पडतो. असे दुहेरी कास्ट मी पगार घेऊन केलेल्या कामांतही पाहिलेत, खाली ‘कंपायलर वॉर्निंग दुरुस्त केली’ अशी नोंद करून.

खरी दुरुस्ती एका ओळीची. एक हेडर फाइल करायची, तिच्यात ‘शोधा एक इंट घेतं आणि कॅर-पॉइंटर देतं’ एवढं लिहायचं आणि ती दोन्ही फाइलींत आणायची. दोन्हीत, हे महत्त्वाचं. नुसती वापरणाऱ्या फाइलीत आणली तर लिहिलेलं खरं आहे का हे कुणी तपासत नाही. आणि कंसात ‘इंट’ लिहायचाच, रिकामा कंस सोडायचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेला जीसीसी १५ मुळातच सी२३ मानक धरून चालतो, आणि त्यात रिकामा कंस म्हणजे ‘हे फंक्शन काहीच घेत नाही’. पूर्वी त्याचा अर्थ ‘काय घेतं ते सांगत नाही’ असा होता. जीसीसी १४ वर रिकाम्या कंसाने वेळ मारून नेलेले प्रोग्रॅम तिथे पुन्हा अडले.

या बदलांचा एक छुपा बळी सांगायलाच हवा. जुन्या प्रोग्रॅमांसोबत कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट असते. यंत्रावर अमुक सोय आहे का हे बघायला ती चार ओळींचे छोटे प्रोग्रॅम लिहून गुपचूप कंपाइल करून पाहते. त्या चार ओळींतच ‘मेन’ टाइपाशिवाय लिहिलेला असेल तर नवा कंपायलर तो नाकारतो, आणि स्क्रिप्ट निष्कर्ष काढते की यंत्रावर ती सोयच नाही. एरर दिसत नाही. प्रोग्रॅम तयार होतो, फक्त थोडा पांगळा. रेड हॅट कंपनीचे फ्लोरियन वायमर यांनी फेडोरा या लिनक्सची हजारो पॅकेजं या दृष्टीने तपासण्याची मोहीम चालवली. जीसीसी १४ फेडोरा ४० मध्ये फारसा गोंधळ न होता आला, त्यामागे ही हमाली आहे. काकांच्या प्रोग्रॅमला कॉन्फिगर नव्हतं, सुटले.

एरर संपल्या. वॉर्निंगही एकच उरली, तिच्याकडे मी येतेच. प्रोग्रॅम चालला, सूचीचं पान आलं, आणि एका नोंदीचा दाखल क्रमांक होता -७६००२०९९१.

काकांनी नोंदी फाइलीत लिहिल्या होत्या त्या स्ट्रक्चर (एका नोंदीचे सगळे खण एकत्र ठेवणारा साचा) आहे तसं उचलून. एक इंट दाखल क्रमांकाला, एकसष्ट कॅरचं शीर्षक, एक लाँग किमतीला. किंमत पैशात, कारण फ्लोटवर (दशांश आकड्यांच्या टाइपवर) काकांचा विश्वास नव्हता. टर्बो सीत इंट दोन बाइटचा, लाँग चार बाइटचा आणि मधे मोकळी जागा सोडायची पद्धत नाही. म्हणजे एक नोंद ६७ बाइट. नव्या यंत्रावर इंट चार बाइटचा, लाँग आठचा, आणि लाँग आठाच्या पटीतल्या जागीच बसायला हवा म्हणून मधे सात बाइट रिकामे. तीच नोंद ८० बाइट. कंपायलरला यात वावगं काही दिसत नाही आणि दिसणारही नाही. त्याच्या दृष्टीने कोड निर्दोष आहे. जुनी फाइल त्याने पाहिलेलीच नाही. ती नोंद फाइलीतल्या पहिल्या पुस्तकाची; खरा क्रमांक होता १, आणि शीर्षक ‘कळ’ने सुरू होत होतं. चार बाइटच्या इंटने क्रमांकाचे दोन बाइट घेतले आणि शीर्षकातले क व ळ पण गिळले. १, ०, १७९, २१० हे चार बाइट एकत्र वाचले की बरोबर ती उणे शहात्तर कोटींची रक्कम येते. शीर्षक तिसऱ्या अक्षरापासून सुरू झालं होतं.

डेटा फाइलीच्या आकाराला ६७ ने भागून पाहिलं. बाकी शून्य. इथे टाइप मापासकट लिहिणं भाग असतं, सोळा बिटांचा इंट, बत्तीस बिटांचा इंट. स्टँडर्ड-इंट हेडरमध्ये ते १९९९ पासून आहेत. स्ट्रक्चर ‘पॅक’ करून टाकायचा जीसीसीचा पर्यायही आहे, तो मी घेतला नाही. एकेक खण वेगळा वाचला. चार ओळी जास्त लागतात, पण फाइलीचा आराखडा कोडात उघडा लिहिलेला राहतो.

आता ती उरलेली वॉर्निंग. ‘ॲरे सबस्क्रिप्ट हॅज टाइप कॅर.’ वर्णानुक्रमासाठी काकांनी २५६ खणांचा एक तक्ता केला होता, प्रत्येक अक्षराला त्याचं स्थान. इस्कीत ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. ग्रंथालयाला वर्णमालेचा क्रम हवा होता, म्हणून तक्ता. पण काका तक्त्याच्या पहिल्या खणापासून मोजत नव्हते. त्यांनी पॉइंटर १२८ व्या खणावर ठेवला होता आणि तिथून अक्षर मोजत होते. कॉमेंट नाही. मी फोन केला.

“काका, क्रमाच्या तक्त्यात १२८ कशाला मिळवलेत?”

“अगं, मग ळ कुठे बसवणार? तो उणे सेहेचाळीस येतो ना.”

तीसेक वर्षांनंतर, ऐंशी ओलांडलेला माणूस, क्षणभरही न थांबता. टर्बो सीत साधा कॅर चिन्हासकट असतो, -१२८ पासून १२७ पर्यंत. २१० तिथे मावत नाही, २५६ वजा होऊन -४६ उरतात. क उणे सत्त्याहत्तर. काकांनी हे समजून-उमजून तक्त्याचा शून्य मध्यावर सरकवला होता. ही युक्ती अडाण्याची नाही. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये इज-अल्फासारख्या (‘हे अक्षर आहे का’ ते सांगणाऱ्या) फंक्शनांच्या तक्त्यांना शून्याच्या मागे १२८ खण याच कारणासाठी ठेवलेले आहेत.

पण एआरएमच्या लिनक्सवर साधा कॅर बिनचिन्हाचा असतो. तिथे ळ खरोखर २१०, त्यात १२८ मिळवले की ३३८, आणि तक्ता संपतो २५५ वर. इंग्रजी अक्षरं तक्त्यात राहतात, मराठी सगळीच्या सगळी बाहेर जातात. सूचीतही तेच दिसत होतं: इंग्रजी पुस्तकं शिस्तीत आणि मराठी वाटेल तशी. या वॉर्निंगवर जिथे तिथे मिळणारा उपाय म्हणजे ‘अनसाइन्ड कॅर करा’. एरवी तो बरोबर असतो. इथे तो केला असता तर वॉर्निंग गेली असती आणि चूक कोणत्याही यंत्रावर पक्की झाली असती. मी उलट केलं, शीर्षक ‘साइन्ड कॅर’ आहे असं स्पष्ट लिहिलं. जीसीसीला ‘एफ-साइन्ड-कॅर’ असा पर्याय देऊनही भागतं, पण तो मेकफाइलीत (कंपाइल कसं करायचं ते लिहिलेल्या फाइलीत) राहतो आणि मेकफाइल हरवते. टाइप कोडातच असलेला बरा.

क्यूसॉर्ट या क्रम लावणाऱ्या फंक्शनला दिलेल्या तुलनेच्या फंक्शनचीही एक एरर होती, पॉइंटरांच्या जाती जुळत नव्हत्या. फंक्शनच्या नावावर कास्ट घालून ती मिटवता येते आणि जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालतेही. मानकाला ते मान्य नाही. फंक्शनची सही क्यूसॉर्टला हवी तशी करून आत दोन ओळी वाढवल्या, विषय संपला. फाइलीतून एकेक बाइट वाचणाऱ्या गेटसीचा निकाल मात्र काकांनी पहिल्यापासून इंटमध्येच घेतला होता. कॅरमध्ये घेतला असता तर एआरएमवर फाइल कधी संपलीच नसती, कारण फाइल संपल्याची खूण उणे एक, आणि तिथे कॅर उणे एक होऊ शकत नाही.

सूची छापून काकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन.

“छान झालीय गं. पण क्षची पुस्तकं अजून क मध्येच दिसतायत.”

“तुमच्या तक्त्यात तसंच आहे, काका.”

“माहीत आहे. इस्कीत क्ष तीन बाइटचा, क, हलंत आणि ष; एका बाइटच्या तक्त्यात बसेना. ग्रंथपाल ती पानं कापून शेवटी चिकटवायचे.”

तेवढं आता करायला घेतलंय. तुलनेच्या फंक्शनला तीन बाइट पुढे बघावं लागेल: १७९, २३२, २१४ आले की क्ष, १८६, २३२, १८८ आले की ज्ञ. शीर्षक साइन्ड कॅर असल्यामुळे हे आकडे कोडात असे लिहून चालणार नाहीत. तिथे कुठलाच बाइट १७९ होऊ शकत नाही, अट कधीच खरी ठरणार नाही, आणि जीसीसी ते सांगतो तेही डब्ल्यू-एक्स्ट्रा हा जादा वॉर्निंगांचा पर्याय लावला असेल तरच. म्हणून क्ष -७७, -२४, -४२ आणि ज्ञ -७०, -२४, -६८.